जाळरेषेचा बाक

नकाशावर रेषा सरळ आहे,
पट्टी ठेवून लाल पेनानं ओढलेली,
मार्डीच्या शिवेपासून ओढ्यापर्यंत.
जमिनीवर तिला एक बाक आहे.
तो माझ्यामुळं.

जानेवारीतली सकाळ. कुसळीवर अजून दव,
वारा निजलेला.
जाळायची हीच वेळ. उन्हं चढली
की आग माणसाचं ऐकत नाही.
दोन्ही कडांचं गवत आठवडाभर कापून काढलेलं,
मधला पट्टा तेवढा पेटवायचा,
तोही वाऱ्याच्या तोंडावर,
म्हणजे आग चालते, पळत नाही.

हे ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं.
कळलं बिरप्पाकडून.
त्याचा बाप मेंढरांना कोवळा फुटवा मिळावा म्हणून
रात्री अख्खा माळ पेटवून द्यायचा
आणि घोंगडं ओढून निजायचा.
"आगीच्या म्होरं पळू नगं, बाई.
मागं ये. जळल्यालं परत जळत न्हाई."
आता तोच आमच्याकडं रोजंदारीवर,
हातात लिंबाचा ओला डहाळा.
ठिणगी दाबतो, झोडपत नाही.
झोडपली तर एकीच्या चार होतात.

शकील थांबला. पाठीवरचा पंप तसाच.
"मॅडम, हे खडे बघा."
तीन खडे. फिकट, तपकिरी ठिपक्यांचे.
हात लावला. ऊब होती.
पखुर्डी आमच्या पायाखालूनच उडाली होती,
आम्हाला वाटलं, गवताची काडी उडाली.

पंधरा पावलांवर आग. चालत येत होती.
मी म्हणाले, वळवा.

तेवढ्या जागी बारा मीटरची रेषा सहाची झाली.
रजिस्टरला मी बाराच लिहिले.

फेब्रुवारीत गेले तेव्हा खळग्यात टरफलं होती.
कुणाला सांगितलं नाही.

मार्च सरता सरता
ऊस गेलेल्या रानात कुणीतरी पाचट पेटवलं
आणि जेवायला घरी गेलं.
कोण ते गावाला ठाऊक आहे.
गावाला सगळंच ठाऊक असतं.
दुपारचे दोन. वारा आडवातिडवा.
बांध ओलांडून आग माळावर आली,
काळविटं आधी, मग ससे, मग धूर,
आणि सगळ्यात शेवटी आवाज,
पत्र्यावर कुणी वाळू ओतावी तसा.

रेषेपाशी ती थांबली.
खरंच थांबली. एवढी लांब रेषा,
दार लावल्यासारखी.
पलीकडं खोकडाची बिळं, चंडोलांचं रान,
सगळं तिनं नुसतं पाहिलं.
फक्त बाकापाशी तिला वाट सापडली.

नऊ हेक्टर.
आणि कोपऱ्यावर बिरप्पाची गंज,
शाळूचा कडबा, अठराशे पेंढ्या,
पुढच्या पावसापर्यंतच्या.

पंचनाम्यात रकाना असतो:
आग रेषा ओलांडण्याचं कारण.
मी लिहिलं, वारा.
ते खोटं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी वस्तीवर गेले.
गंज आतून धुमसतच होती.
सुनेनं पाणी विचारलं नाही.
बिरप्पा काठीनं राख उलटत होता.
बऱ्याच वेळानं म्हणाला,
"पिलं निघाली हुती का?"
"टरफलं होती."
"तीन?"
"तीन."
तो पुन्हा राख उलटू लागला.

यंदाचा जानेवारी.
तीच दोरी, तोच बाक.
या खेपेला तिथं काही नाही,
शकीलनं गुडघ्यावर बसून पाहिलं,
मीही पाहिलं. नुसते खडे, गार.
सरळ करायला हरकत नव्हती.
दोरी ताणली, तर बिरप्पानं मधेच पाय दिला.

"वाकडी हाय ती ऱ्हाऊ दे.
ती पुन्हा हितंच येती, तिला जागा म्हाईत झालीय.
हितं रुंद कर फकस्त."
"तिकडं तुमचा बांध लागतो."
"मग?
बांध माझाच हाय की."

डहाळा खांद्यावर टाकून
तो आपल्याच रानात शिरला,
पावलं मोजत, मोठ्यानं,
आणि सात म्हणून झाल्यावर
जरा थांबून,
आणखी एक टाकलं.